मंदाताईचा कोरडा हात

काल लेकीनं कॉम्प्युटरवर निळे थेंब पाडून दाखवले आणि मला माजलगावची ती तापलेली खोली आठवली. दुष्काळाचं वर्ष होतं. सहकारी संस्थेच्या कॉम्प्युटर वर्गात मीही असाच पाऊस पाडला होता. ऊसतोडीला निघालेली माझी मोठी बहीण, मंदाताई, भेटायला आली. तिनं पडद्याला तळहात लावला.

"आरं, हात तर कोरडाच हाय!" ती खळखळून हसली.

"बस की ताई, तुझं नाव लिहायला शिकवतो."

"आता न्हाई रं, बाहेर गाडी उभी हाय. आल्यावर शिकव."

तेव्हा तो निरोप साधाच वाटला होता. आज प्रोग्राम लिहितानासुद्धा तिचं नाव टाइप करायला बोटं धजत नाहीत.

ऊसतोडीहून परतीच्या वाटेवर ताई-दाजींचा ट्रॅक्टर उलटला. दाजी एकटेच दारात आले. आईनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "मंदा मागं ऱ्हायली का?"