लिफ्टचं दार

आत्याच्या घरी मीटर बघायला येणारा माणूस भिंतीकडे पाठ करून आकडा लिहून घ्यायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. भिंतभर लाकडी ठशांची तिची काळीकुट्ट चित्रं: वाकड्या इमारती, गालफडं बसलेली माणसं, सगळ्यांचे डोळे फाटलेले. घर आहे की भूतबंगला, असं मी आल्या आल्याच म्हणाले होते. आत्या नुसती हसली.

दिवसभर ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायची. तिथल्या उरल्यासुरल्या फळ्या घरी आणून पटाशीनं कोरायची, शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायची. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उठतं. आमच्या पाचव्या मजल्यावर ती लिफ्ट सोडून कायम जिन्यानं चढायची. गुडघ्यांना व्यायाम, म्हणे.

नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आले आणि महिन्याभरात माझं बिनसलं. ऑफिस सतराव्या मजल्यावर, जिन्याला कुलूप. तेही सुरक्षेसाठी! लिफ्ट भरली की छाती धडधडायची. मी खालूनच परत फिरू लागले. शेवटी साहेबांनी ताकीद दिली: सोमवारी आली नाहीस तर येऊच नकोस. रविवारी आत्याला सगळं सांगून टाकलं आणि बॅग भरायला घेतली.

तिनं उपदेश केला नाही. लिफ्टमध्ये नेमकं काय दिसतं, एवढंच खोदून खोदून विचारलं आणि फळी घेऊन बसली. दाटीवाटीनं माणसं, मधोमध मी, मागे बंद दार. दार कोरताना पटाशी घसरली आणि वरपासून खालपर्यंत ढलपा निघाला. गेलेलं लाकूड काही परत येत नाही. आता फळी फेकणार, असं मला वाटलं. तिनं तशीच छापली. दाराच्या मधोमध पांढरी फट उमटली.

"राहू दे," ती म्हणाली. "बरंच झालं. आता ते उघडतंय."

मग भिंतीकडे हात केला. "ही तोंडं कुणाची वाटतात तुला? सगळी माझीच आहेत. आरशात बघून कोरलीत."

सोमवारी ती खाडा करून माझ्यासोबत आली. लिफ्टचं दार मिटलं आणि तिनं माझा हात धरला. तिचा तळवा माझ्याहून ओला होता, नजर दाराच्या फटीवरून हलत नव्हती. तेव्हा कुठे मला तिच्या गुडघ्यांचा व्यायाम कळला. आजही त्या लिफ्टमध्ये शिरताना मी मनातल्या मनात तिच्या पाया पडते.

सतरावा मजला आला. मी बाहेर पडले, ती आतच थांबली. जिन्याला कुलूप होतं. खाली तिला एकटीलाच उतरायचं होतं.

"जा, उशीर होईल तुला," ती म्हणाली आणि स्वतःच बटण दाबलं.