कालव्याच्या वाटेवरची चार कुत्री

माझं आणि दत्तगुरूंचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. हे उघड लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. यजमान आजारी पडले तेव्हा मी एक सोडून तीन पारायणं केली, गुरुवारी निर्जळी उपास केले, आणि तरीही ते गेले. त्यानंतर देव्हाऱ्यातली दत्ताची तसबीर मी काढून टाकली नाही की भिंतीकडे तोंड करून ठेवली नाही. एवढं धाडस माझ्यात नाही. रोज पुसायची, फूल वाहायची, पण बोलायची नाही. शेजारणीशी बिनसलं की ती जिन्यात भेटल्यावर आपण जसे पर्समध्ये किल्ली शोधायला लागतो, तसं माझं चाललं होतं. तसबिरीतली चार कुत्री आणि मागे उभी असलेली गाय यांच्याकडे मात्र मी बघायची. त्यांचा काही दोष नव्हता.

दिल्लीत आमच्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरखाली यजमानांची मोटरसायकल ताडपत्री पांघरून उभी होती. दर जानेवारीत ते मला मागे बसवून पानिपतला न्यायचे, काला अंबला, जिथे मराठ्यांची ती लढाई झाली. तिथल्या स्तंभापुढे हात जोडून उभे राहायचे आणि परतताना दरवेळी म्हणायचे, "एकदा उन्हाळ्यात यायला हवं. गर्दी नसते, शांत बसता येईल." ते राहूनच गेलं. मी स्वतः एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, वय छप्पन्न, गुडघे त्याहून चार वर्षांनी मोठे. आमची मुलगी मुक्ता नोएडात नोकरी करते. "आई, विकून टाक ना ती गाडी, प्लीज," असं ती मला दर रविवारी फोनवर सांगायची. विकायची म्हणून एक दिवस ताडपत्री काढली, सीटवरची धूळ पदराने पुसली, आणि मला कळलं की मी ती विकणार नाही. इतकंच नव्हे, तर त्यांची उन्हाळ्यातली फेरी मी पुरी करणार.

गाडी शिकवली जाधव सुभेदारांनी. ते मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, आणि दत्तजयंतीला आमच्या मंडळात प्रसादाची भांडी स्वतः घासणारे. पूर्वी मी स्कूटर चालवत असे, लायसन्सही होतं, पण ही गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. रविवारी पहाटे कँटोन्मेंटच्या रिकाम्या रस्त्यांवर ते माझी कवायत घ्यायचे. महिनाभराने मी न अडखळता गिअर बदलायला लागले, तेव्हा सुभेदारांनी दुसरा विषय काढला.

"वहिनी, आता कपडे."

"कपडे कशाला? सलवार-कमीज आहे ना. आणि मी कालव्याकडेच्या शांत रस्त्याने जाणार. तिथे चिटपाखरू नसतं."

"रस्ता रिकामा आहे म्हणून माणूस पडत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? रिकाम्या रस्त्यावर तर उचलायलापण कुणी नसतंय."

यजमानांचं कातडी जॅकेट घालते म्हटलं, तर मे महिन्यात ते घालणं म्हणजे स्वतःला कुकरमध्ये बसवून शिट्टीची वाट बघणं आहे, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी यादी सांगितली. जॅकेट जाळीचं हवं, म्हणजे वारा आरपार जातो, पण खांद्याला, कोपराला आणि पाठीला कडक पॅड हवेत. आत सुती कपडा. हातमोजे. गुडघ्यांचे पॅड. घोटा झाकणारे बूट. हेल्मेट फिक्या रंगाचं, म्हणजे डोकं कमी तापतं. "आणि ओढणी घरी. चाकात गेली की विषय संपला."

करोल बागेतल्या दुकानदाराने मला आदराने स्टुलावर बसवलं, थंड पाणी दिलं आणि विचारलं, "भाईसाहब का साइज़ क्या है?"

"भाईसाहब नहीं हैं," मी म्हटलं. "मैं हूँ."

मग त्या बिचाऱ्याने अख्खं दुकान माझ्यापुढे उतरवलं. बायकांच्या मापाचं काही नव्हतंच. पुरुषांच्या सर्वांत लहान मापात एकच जाळीचं जॅकेट उरलं होतं, आणि ते होतं भडक नारिंगी. खिडकीला डासांसाठी लावतो तशी जाळी, आणि तिला जागोजागी कासवाच्या पाठीचे तुकडे. ते घालून, वर पांढरं हेल्मेट चढवून मी घरी आले, तर बारा वर्षं मला रोज सलाम करणाऱ्या आमच्या चौकीदाराने फाटकावर अडवलं. "किस फ्लैट का ऑर्डर है, भैया?"

निघायच्या दिवशी सुभेदार दुसऱ्या गाडीवर सोबत येणार होते, पण पहाटे त्यांचा फोन आला, कंबर धरली. "आज नका जाऊ, वहिनी." पण तो यजमानांचा जन्मदिवस होता. मी हो म्हटलं आणि निघाले. मुक्ताला सांगितलं नव्हतंच. सोनीपतपर्यंत हमरस्त्यावर ट्रकवाल्यांनी मला भोंग्यांची पूजा बांधली, पण पुढे कालव्याच्या कडेला वळले आणि एकदम शांत झालं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली गव्हाची शेतं. जाळीतून वारा अंगभर खेळत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा मला आपण कुठेतरी चाललो आहोत असं वाटलं.

काला अंबला खरंच कोणी नव्हतं. मी झाडाखाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. जानेवारीच्या थंडीत, अपुऱ्या कपड्यांत इथे उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांची आठवण काढावी, तर माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते आणि मला घामोळ्यांच्या पावडरीशिवाय काही सुचेना. "हा हट्ट त्यांचा होता, म्हणून आले. तुझ्यासाठी नाही," असं मी मनातल्या मनात दत्ताला म्हटलं आणि जीभ चावली. हे बोलणंच झालं की. मग मी घाईने उठले.

परतीला दहा वाजून गेले होते. वारा आता वारा राहिला नव्हता, भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ अंगावर येत होती. कालव्यावर थोडं अंतर गेल्यावर मी गाडी थांबवली, जॅकेट काढलं आणि मागच्या सीटवर दोरीने बांधून टाकलं. वेग बेताचा, रस्ता मोकळा, बघायला सुभेदार नाहीत. गुडघ्यांचे पॅड सोडायचा कंटाळा केला म्हणून ते राहिले.

मैलभर पुढे एका छोट्या पुलापाशी रस्त्यावर आडवी कुत्री पसरली होती. हॉर्न वाजवला. एकाने कान हलवला. पुन्हा वाजवला, तर तेवढंही नाही. बाजूने जायला एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला चर. नाइलाजाने गाडी बंद केली आणि उगाच मोजून पाहिलं. तीन होती. जरा बरं वाटलं. तेवढ्यात पुलाच्या कठड्याच्या सावलीतून चौथं उठलं, अंग ताणलं, आणि येऊन त्या तिघांशेजारी झोपलं.

"ऐ छोरी!" हातपंपापाशी दोन म्हशी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली. घागरा, डोक्यावर ओढणी, तोंडात दोनच दात. तिने हुक्क्याच्या नळीने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "जाकट पाच्छै क्यूँ बाँध राखी सै? फटफटी नै जाड्डा लागै था के?"

जॅकेट मागे का बांधलंस, फटफटीला थंडी वाजत होती का, असं ती विचारत होती. मी गरमीचं रडगाणं गायला लागले, तर तिने ऐकूनच घेतलं नाही. उठली, दोरी सोडली, जॅकेट पंपाखाली धरलं, चिंब भिजवलं, पिळलं आणि लहान पोराला झबलं घालावं तसं माझे हात धरून अंगात चढवलं. मी "अगं आई गं" म्हणून मराठीतच किंचाळले. मग जाळीतून वारा आला, आणि त्या भर उन्हात मला चक्क हुडहुडी भरली. तिने चेन वर ओढली, गालावर एक चापट मारली आणि पितळी पेल्यात ताक दिलं. जॅकेटच्या खिशात मोबाइल होता, हे मला ताक पिऊन झाल्यावर आठवलं. तो तेव्हा जो गेला तो गेलाच.

निघताना पाहते तर कुत्री उठून रस्ता मोकळा झाला होता. मी म्हातारीला विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, कुणाचीच नाहीत, सावली तिथे पडते म्हणून रोज तिथेच लोळतात. रोज लोळतात, हे मला मान्य आहे. पण मी रोज तिथून जात नाही ना.

पुढे दहा मिनिटंही झाली नसतील. चार कुत्री भेटली तेव्हाच मी समजायला हवं होतं की गाय अजून यायची आहे. बाजूच्या हिरव्या चाऱ्यातून ती आली, पांढरी, गरीब डोळ्यांची, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे बघत रवंथ करू लागली. मी ब्रेक दाबला, खाली बारीक खडी होती, गाडी एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. डाव्या कोपरावर घसरत मी गायीच्या पुढ्यात जाऊन थांबले. तिने वाकून माझं हेल्मेट हुंगलं.

कोपराची जाळी फाटून आतला पॅड बाहेर आला होता, त्यावर खडीने खोल चरे पडले होते. हातमोज्यांचे तळवे गेले होते. आणि मला? काही नाही. एक ओरखडा नाही. वीस मिनिटांपूर्वी ते जॅकेट सीटवर बांधलेलं होतं, हे लक्षात आलं तेव्हा मी आभाळाकडे बघून मोठ्याने ओरडले, "बास! कळलं मला!"

दोन वर्षांनंतर त्याच्याशी उघड बोललेले माझे पहिले शब्द हे. त्यात भक्ती होती असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर जे रडू फुटलं ते थांबेना. ते गेले तेव्हा लोक होते, विधी होते, पेन्शनचे कागद होते, तेव्हा नीट रडायचं राहिलं होतं. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला थांबला. "ताई, लागी तो कोनी?" त्यांच्याकडे ताई म्हणजे थोरली काकू, पण माझ्या कानाला ते माहेरची हाक वाटली, आणि मी आणखीच रडले.

"कहीं चोट लगी है?" त्याने घाबरून विचारलं.

"लगी है, भैया," मी म्हटलं. "पर आज की नहीं है."

तो समजला की नाही, माहीत नाही. त्याने गाडी उचलून उभी केली, वाकलेलं क्लचचं दांडकं हाताने सरळ केलं, आणि हमरस्त्यापर्यंत ट्रॅक्टर माझ्या मागे-मागे चालवत आला.

घरी पोचले तर मुक्ता दारातच उभी होती. फोन लागेना म्हणून तिने सुभेदारांना गाठलं होतं, आणि ते येऊन कंबर धरून आमच्याच सोफ्यावर आडवे होते. ती खूप ओरडली. सगळं ओरडून झाल्यावर तिची नजर फाटक्या कोपरावर गेली. तिने पॅडवरच्या चऱ्यांवरून बोट फिरवलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला सांगून जा. मी मागे बसेन." सुभेदार आतून म्हणाले, "तिलापण जॅकेट घ्या आधी."

त्या संध्याकाळी मी दत्तापुढे बसले. माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. संबंध जुने असले की ते चालतं.

महिन्याभराने मुक्ताला मागे बसवून मी त्या पुलापाशी पुन्हा गेले. म्हातारीसाठी सोलापूरची उत्तम सुती चादर नेली होती. पानिपत म्हणजे चादरींचंच गाव, त्याच्या वाटेवर चादर भेट न्यायची म्हणजे काय, असं मुक्ता वाटभर हसत होती. म्हातारी पंपापाशीच होती. मी हेल्मेट काढलं, पाया पडले, सगळी हकीकत सांगितली. तिला मी आठवेचना. गरमीत मरायला रोज कोणी ना कोणी येतंच, ती म्हणाली, किती लक्षात ठेवायचे? चादर मात्र तिने निरखून पाहिली, पोत बोटांनी चोळून पाहिला, "घणी बढ़िया" म्हणाली. मला धन्य वाटलं. मग ती उठली, चादर पंपाखाली भिजवली आणि धापा टाकणाऱ्या गाभण म्हशीच्या पाठीवर पसरून दिली.

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी 'अहो, ती तुमच्यासाठी' असं आलं होतं, ते मी गिळलं. आयुष्यभर मी देवापुढे जे जे ठेवलं, त्याचं त्याने काय करावं हेही मीच ठरवत आले होते. उपास मी केले, तर माणूस राहायला हवा होता. दिलं, पण हातातून सुटलं कधीच नव्हतं. म्हशीचा श्वास हळूहळू संथ झाला, तिने डोळे मिटून घेतले. मी तिथेच धुळीत उभी राहून हात जोडले. नेमके कोणाला, ते मुक्ताने विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.