पयले नाव सांगा

आमच्या घरच्या माणसाएवढं इचारणारं माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे माझी बायको. न्यायला आलेल्या यमालाही तिनं दारात थांबवून साबणानं हात धुवायला लावले असतील, याची मला पक्की खात्री आहे. आम्ही दोघं शेवटचे सोबत गेलो ते गावातल्या सरकारी दवाखान्यात, माझ्या बीपीच्या गोळ्या आणायला. जुनी सिस्टर बदलून गेली होती. नवी पोरगी हुशार, हाताला चपळ. तिनं मला पाहिलं, गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हातारीनं ती उचलली आणि परत टेबलावर ठेवली.

"पयले याहिले नाव इचार."

"आजी, मी ओळखते ना यांना. बाहेर लाइन पाहा केवढी. प्रत्येकाचं नाव, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव विचारत बसले तर इथंच संध्याकाळ व्हायची. उद्यापासून ते बंदच करणार आहे मी."

"बंद करतं? मंग आमाले तुह्या गोळ्या नाई पायजे. उद्या येतो आमी. पाहतो तू कशी इचारत नाई त."

आणि आलो की रिकाम्या हातानं घरी! रस्त्यात मी म्हटलं, "अवो, बीपी माहं, गोळी माही, आन् भांडन तुहं काहून?"

"तुमी चुप राहा," ती म्हणाली. "शेवंता इसरले काय?"

शेवंता कोण विसरेल? आमच्या गावात शेवंताबाई चार. त्यातल्या एकीला साखरेचा आजार, दुसरी ठार बहिरी. काही वर्षांमागं दवाखान्यात "शेवंताबाई!" असा पुकारा झाला, तेव्हा साखरवाली बाहेर पान थुंकायला गेलेली. बहिरीला कोणीतरी कोपरानं ढोसलं, ती उठली आणि साखरेच्या गोळ्या घेऊन घरी गेली. दुपारी चुलीपुढं घामानं थबथबून आडवी झाली. गूळपाणी तोंडात घालत ऑटोतून अमरावतीला नेली म्हणून वाचली. ती आमच्या म्हातारीची लहानपणची मैत्रीण. त्या दिवसापासून म्हातारीच्या अंगात आलं ते कधी उतरलंच नाही. दवाखान्याच्या समितीची मीटिंग होती, तिथं कोणी बोलावलं नसताना जाऊन बसली आणि चहा यायच्या आत ठराव करून घेतला: औषध देण्याआधी नाव इचारायचं, आणि एका नावाच्या चार बाया असतात म्हणून नवऱ्याचंही इचारायचं, बाप्यांना बायकोचं.

आता गंमत पाहा. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी लाइनीत पहिली हीच. तेव्हाच्या जुन्या सिस्टरनं इचारलं, "आजी, नाव?" सांगितलं. "नवऱ्याचं?" झालं! बाई गप्प. लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. पोस्टमनलाही "थे घरी नाईत" एवढंच सांगायची. लाइनीतल्या बाया पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. मी मागं खांबाला टेकून मजा पाहत होतो, कोणाला खोटं कशाला सांगू. तिनं एकदा माझ्याकडं असं पाहिलं की बीपी तिथंच वाढलं असेल. मग पदर सावरला आणि उखाणाच घेतला:

"दवाखान्याच्या दारात सिस्टर इचारे नाव,
सुखदेवरावाच्या पायी हसते सारं गाव."

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात औषध कमी आणि उखाणे जास्त. ज्या बायांना काही झालं नव्हतं, त्याही बीपी पाहायला येऊ लागल्या. विधवांना नवऱ्याचं नाव इचारावं की नाही, यावर समिती आठवडाभर अडली. शेवटी एका विधवेनंच निकाल लावला, "इचारा ना बाप्पा! माहावाला आता आयकाले येत नाई. मी त मोठ्यानं सांगतो."

नावावर भागलं असतं तर बरं. हिला सगळंच पाहायचं असायचं. सुईचं पाकीट डोळ्यापुढं फोडलं पाहिजे, पाण्याच्या ड्रमावर झाकण पाहिजे, आणि आत येईल त्यानं हात धुतलेच पाहिजेत. एकदा एक माणूस पिशवी घेऊन घाईनं आत शिरला. हिनं त्याला नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले. एकदा नाही, दोनदा. तो बिचारा पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन होता. तेव्हा हीच ओरडली, "आरं मंग पूस हात! करंट लागन ना तुले!" लस टोचल्यावर पोराला अर्धा तास दवाखान्यातच थांबवायचं, हे सिस्टरनं हिला सांगून ठेवलेलं. हिला घड्याळ कळत नव्हतं. मग ती घरून तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन जायची आणि बायांपुढं ठेवायची. शेंगा सोलून झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पोरांचं भलं झालं आणि आमची तूर फुकटात सोलून निघाली. तुरीचे दिवस सरले की लसूण.

घरीही सुटका नव्हती. माझी बीपीची गोळी, तिची साखरेची, दोन्ही पांढऱ्या. रोज सकाळी गोळी हातात धरून पुढं उभी राहायची. "नाव सांगा."

"अवो, या घरात दुसरा म्हतारा हाय काय?"

"असन त मलेच सांगान. पयले नाव सांगा."

मी नाव सांगायचो, मग गोळी मिळायची. स्वतःच्या तोंडून घेता येत नाही ते नाव रोज माझ्याकडून वदवून घ्यायची, चाबरी.

तर त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. जेवलो. ती शेंगांचं सूप मांडीवर घेऊन अंगणात बसली, उद्या सिस्टरला काय काय सुनवायचं ते पुटपुटत. मी पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर शेंगा अंगणभर सांडलेल्या आणि ती भिंतीला कललेली. अकोल्याला दिलेली आमची पोरगी येऊन पोचली आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी टोपी घातली, पिशवी घेतली. पोरीनं दारात धरलं. "बाबा, कुठी निंगाले?"

"दवाखान्यात. तुह्या मायनं उद्या येतो म्हनून सांगितलं होतं."

बसलेल्या पाहुण्यांना वाटलं, म्हातारा कामातून गेला. वाटू दे.

दवाखान्याच्या ओसरीवर लाइन होतीच. मला पाहून बाया बाजूला झाल्या. सिस्टर उठून उभी राहिली. तिनं पट्टी माझ्या हातावर ठेवली. "बाबा, तुम्ही कशाला आलात? मी घरी पाठवली असती."

मी पट्टी परत टेबलावर ठेवली. "पयले इचार."

तिनं पट्टी आपल्यापुढं ओढली. मग म्हणाली, "नाव सांगा, बाबा."

"सुखदेव."

पुढचं तिच्यानं इचारवेना. मीच म्हटलं, "बायकोचं इचार ना."

"बायकोचं?"

साऱ्या जन्मात मीही तिचं नाव घेतलं नव्हतं; दवाखान्यातही माझ्याआधी तीच सांगून मोकळी व्हायची. अवो म्हटलं की ती यायची, मग नावाचं काम काय? मी सुरू केलं, "दवाखान्याच्या दारात सिस्टर इचारे नाव..." पुढची ओळ काही जुळेना. मग नुसतंच नाव घेतलं. ते इथं लिहीत नाही. पण तिथं मोठ्यानं घेतलं. ती आता ऐकायला येत नाही.

पट्टी खिशात घातली आणि घरी न जाता मागं खांबाला टेकून उभा राहिलो. सिस्टरनं नाक पुसलं, नळावर जाऊन साबण लावून हात धुतले आणि खुर्चीत येऊन बसली.

"या मावशी. नाव सांगा."

मावशीनं सांगितलं.

"नवऱ्याचं?"

मावशीनं पदर सावरला आणि घसा खाकरला.