दत्तूअण्णांची टोमॅटोची रोपं

राजारामपुरीतल्या त्या घरात मी भाड्यानं राहायला गेले, त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे दत्तूअण्णा दारात येऊन उभे राहिले. "दह्याचे रिकामे डबे टाकू नकोस बाई. मला लागत्यात." एवढंच बोलून गेले.

अण्णा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ यंत्रावर काम करून निवृत्त झालेले. घरी दरवर्षी टोमॅटोची रोपं करायची ती त्यांची बायको. ती गेल्यावर अण्णांनी ते अंगावर घेतलं. पण ती नेमकं काय करते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "जन्मभर नुसतं खाल्लं की गं," म्हणायचे.

पिकल्या टोमॅटोचं बी धुऊन सावलीत वाळवायचं, हे त्यांना शेजारणीनं सांगितलं. डब्यांच्या बुडाला भोकं पाडून अण्णांनी ते पेरलं. आठवड्यानं माती सारून इवल्या वाकड्या माना वर आल्या, तेव्हा त्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. पण पाणी दिवसातून पाच-सहा वेळा घालायचे. रोपं बुडाशी कुजून एकेक आडवी झाली.

"अण्णा, एवढं पाणी कशाला?"

"मग दिवसभर दुसरं काय करू?"



दुसऱ्या खेपेला मातीत बोट घालून, ओल बघूनच पाणी द्यायला ते शिकले. रोपं तरारली. गल्लीत घरोघरी वाटली, एक मलाही दिलं. मग सुरू झाल्या फेऱ्या. "रोप बघाय आलोय," म्हणत यायचे आणि चहा झाला तरी उठायचे नाहीत. हळूहळू लोक दारातूनच सांगू लागले, "झकास हाय, अण्णा!" एकदा मीही आत असून दार उघडलं नाही. अण्णा थांबत थांबत जिना उतरून गेले, ते मी ऐकत राहिले.

पुढं ते न्हाणीत पडले, आणि मुलगी त्यांना मलकापूरला घेऊन गेली. तिथून फोन यायचा, "रोप कसं हाय?" मी गावी गेले होते तेव्हा माझं रोप वाळून गेलं होतं. तरी मी म्हणाले, "टोमॅटो लागलेत, अण्णा."

"व्हय? मग घेऊन ये की!"

एका रविवारी मी मंडईतून चांगले टोमॅटो निवडून घेतले आणि मलकापूरच्या एसटीत बसले. अण्णांनी त्यातला एक अंगठ्यानं दाबला, हुंगला.

"हे बाजारातलं हाय."

"वाळलं हो, अण्णा. मीच पाणी दिलं नाही."

"वाळू दे. तू आलीस न्हवं?" त्यांनी सरकून पलंगावर जागा केली. "बस. लगीच उठू नकोस."

परतीची पाचची गाडी मी जाऊ दिली.