दाराशी बसलेला निरोप्या

शेजारच्या सिस्टर शिफ्टला निघण्याआधी त्यांच्या दाराबाहेरच्या दगडावर चमचाभर लाल पामतेल ओतायच्या आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायच्या. मी आमच्या खिडकीचा पडदा जरासा सरकवून बघायचो. सिडनीच्या गिरावीन भागात मुलाकडे राहायला आल्यापासून मला दुसरं काम नव्हतं.

त्या नायजेरियाच्या, योरुबा जमातीच्या. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. ओळख व्हायच्या आधीपासून हसायच्या. एवढं हसणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो. दगडाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "हा एशू, अंकल. देवांचा निरोप्या. आधी त्याला द्यायचं, मगच बाकीचे देव ऐकतात."

नाव कळल्यावर मी फोनवर शोधलं. ब्राझीलमधली मूर्ती निघाली: लाल अंग, शिंगं, हातात त्रिशूळ. फोटो घेऊन त्यांच्या दारी गेलो, तर सिस्टर खळखळून हसल्या. "आमच्या लोकांना गुलाम करून समुद्रापार नेलं, त्यांच्याबरोबर हाही गेला. ब्राझीलमध्ये पाद्र्यांनी त्याला सैतान ठरवलं, मग शिंगं फुटली. क्युबात कवड्यांचे डोळे लावून दारामागे बसतो. आमच्या गावी आपला साधा दगड. तुम्ही नाही का सिडनीत येऊन थर्मल घालायला लागलात?"

इतकं तयार उत्तर मला पटलं नाही.

"करणी आहे ही," मी घरी म्हणालो.

"काहीतरीच तुमचं!" माझी बायको सुमन म्हणाली. "गावी बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर कोण फासायचं? मी?"

पुढे सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सिस्टर ड्यूटी संपवून तिला चालवायला यायच्या. तेव्हाही मी त्यांच्या हातांना तेल लागलंय का, हेच बघायचो.

त्यांचा घरमालक आपला पुण्याचाच, मुलाचा मित्र. मी तो शिंगांचा फोटो त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्या घरात हे पुजतात.' दगडाचं लिहिलं नाही. त्याने लीज वाढवली नाही.

सिस्टरना डार्विनला नोकरी मिळाली. निघताना त्यांनी दगड टॉवेलात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला, त्याला बेल्टही लावला. मला म्हणाल्या, "हा निरोप्या आहे, अंकल. कुणी कुणाला काय सांगितलं, सगळं पोचवतो." आणि हसल्या.

ते नेहमीचं हसणं होतं, की त्यांना कळलं होतं?

त्या दारातल्या फरशीवर तेलाचा गोल डाग अजून आहे. नवे भाडेकरू घासतात, जात नाही. सुमन मला विचारते, "आता तिकडे कुणावर नजर ठेवताय?"

मी लिहिलेलं हे वाचल्यावर विचारणार नाही.