टक्केकाकांची चिकटपट्टी

बुडी शिकवणाऱ्या शाळेच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे टक्केकाका टाक्या भरतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्यांच्या बायकोलाही आता याच नावाची सवय लागली आहे. माणूस टक्क्यांतच बोलतो. "आज पाय कसा आहे?" विचारलं, तर "सत्तर टक्के" म्हणतात. काकू सांगतात, लग्न ठरवतानाही त्यांनी "नव्वद टक्के हो" असं कळवलं होतं. उरलेल्या दहा टक्क्यांवर काकू अजून रुसलेल्या आहेत.

माझी मुलगी समुद्रतळाला बसलेल्या एका जुन्या मालवाहू बार्जची मापं घेणाऱ्या गटात आहे. बार्ज पंचेचाळीस मीटर खोल. हा आकडा कळला तेव्हा मी आमच्या इमारतीचे मजले मोजले, आणि इमारत संपली तरी आकडा संपेना. मग मी शेडमध्ये जाऊ लागले. मुलगी काय श्वासात घेणार, ते कोण भरतं, हात धुऊन भरतं का, हे आईने पाहायला नको?

काकांनी मला हाकललं नाही. उलटी बादली बसायला दिली आणि समजावलं. एवढ्या खोलवर साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो, प्यायल्यासारखा. म्हणून त्याचा काही भाग काढून तिथे हीलियम घालायचा. हीलियम चढत नाही, आणि हलका असल्यामुळे दाबाखाली श्वासही जड होत नाही. तिच्या टाकीत एकवीस टक्के ऑक्सिजन, पस्तीस टक्के हीलियम, बाकी नायट्रोजन.

"फुग्यातला हीलियम?" मी विचारलं. "मग पोरगी वर येऊन चिमणीसारखी बोलेल."

काकांनी एका मोजलेल्या टाकीची श्वास घ्यायची नळी तोंडात धरली, दोन श्वास घेतले आणि बारीक, किनऱ्या आवाजात अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "ताई, काळजी करू नका." मी इतकी हसले की काळजी करायची राहूनच गेली. ती घरी जाऊन केली.

तरुणपणी काका बंदराच्या भिंती पाण्याखाली दुरुस्त करत. तेव्हा हीलियम कोण देतो? साध्या हवेवर उतरायचं. एकदा तळाशी त्यांना आयुष्याचं सार उमगलं. विसरू नये म्हणून त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पाटीवर लिहिलं आणि ती छातीशी धरून वर आले. पाटीवर एकच शब्द होता, 'बादली'. ती पाटी अजून शेडमध्ये टांगलेली आहे. काकू म्हणतात, "एवढं तरी कळलं हे काय कमी आहे?"

काकांचा नियम एकच. टाकी ते भरतात, पण तिच्यातला वायू मोजायचा तो श्वासात घेणाऱ्याने. यंत्रावर आकडे बघायचे, चिकटपट्टीवर स्वतःच्या हाताने लिहायचे, सही करायची, पट्टी टाकीच्या गळ्याला लावायची. पट्टी नाही, तर टाकी होडीत चढत नाही.

बुडीच्या सकाळी मी लवकर पोचले. मुलगी धक्क्यावर दोर लादत होती. तिची टाकी दाराशी तयार होती, पट्टीवर एकवीस, पस्तीस आणि सही. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मी पट्टी काढली आणि नवी लावली: तिचं नाव, रक्तगट आणि माझा फोन नंबर, ठळक अक्षरांत.

काका आले, वाकले, वाचलं.

"ताई, खाली मासा फोन करणार आहे का?"

"जुनी पट्टी आहे माझ्याकडे. तीच लावते परत."

"तशी नाही लावत. पट्टी सुटली की मोजणी गेली. आणा ते यंत्र."

यंत्र लावलं. ऑक्सिजन एकवीस. हीलियम शून्य. म्हणजे नुसती हवा. काकांनी यंत्र पुसलं, परत लावलं. शून्य. ते शेडभर फिरले आणि दाराआड एका ओल्या टॉवेलखाली त्यांना हवी ती टाकी सापडली. काल त्यांनीच भरलेली. तिच्यात हीलियम पस्तीस.

मी बादलीवर बसले.

मुलीला बोलावलं. तिने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, तू टाकीलाही हात लावलास?"

"विषय बदलू नकोस."

"सगळे म्हणतात, पंचेचाळीसला हीलियम म्हणजे बूट घालून अंघोळ, उगीचची खबरदारी. मागच्या आठवड्यात मी हवेवरच गेले होते. काही झालं नाही. पण तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस. म्हणून तसं लिहिलं."

काका शांतपणे म्हणाले, "आईला फसवलंस, ते तुमच्या घरचं भांडण. पट्टीला फसवलंस, ते माझं. उद्या ही टाकी दुसऱ्या कुणी पट्टीवर भरवसा ठेवून उचलली असती तर? आज होडी तुझ्याशिवाय जाईल." मग थांबून म्हणाले, "मागच्या आठवड्याची पाटी आण. काही झालं नाही ना? बघू."

तिने पिशवीतून पाटी काढली. मापं अजून पुसलेली नव्हती. काकांनी मोठ्याने वाचली. "लांबी, एकतीस मीटर. ठीक. रुंदी, नऊ मीटर. खाली परत रुंदी, सहा मीटर. खाली परत रुंदी." त्यांनी चष्मा वर केला. "रुंदी, भरपूर."

मुलीने पाटी हिसकावून स्वतः वाचली. बराच वेळ वाचत राहिली.

"हे मी लिहिलंय?"

"सही तुझीच आहे. तुला वर यायचं सुचलं, हे नशीब. तेही भरपूर वाटलं असतं तर?"

ती भिंतीवरच्या 'बादली'खाली उभी राहिली, आणि पहिल्यांदा त्या पाटीला हसली नाही. मग कुणी न सांगता तिने टॉवेलखालची टाकी पुढे ओढली, यंत्र लावलं, आकडे लिहिले. काकांनी ते परत मोजायला लावले. तिने मोजले. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी होडीवाल्याला थांबायची खूण केली.

होडी तिला घेऊन गेली. मी आणि काका धक्क्यावर बसलो.

"किती टक्के सुखरूप येईल?" मी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला नाही. "येईल," म्हणाले. मला ते आकड्यापेक्षा बरं वाटलं.

ती आली, ठरल्या वेळेच्या चार मिनिटं आधी. पाटी सरळ काकांच्या हातात दिली. लांबी एकतीस मीटर, रुंदी आठ मीटर चाळीस सेंटिमीटर, तीनदा मोजून तिन्ही वेळा तेवढीच. खाली सुवाच्य अक्षरांत एक ओळ होती: 'आई, धक्क्यावर सगळ्यांसमोर ओरडू नकोस, घरी ओरड.'

काकांनी पाटी माझ्याकडे दिली. "डोकं शंभर टक्के ठिकाणावर होतं," ते म्हणाले.

मी घरी येईपर्यंत वाट पाहिली.