चिंचेखालची पाटी

मंडळी, घाईत लिहितेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आमच्या दादरच्या सोसायटीत मागच्या बाजूला चिंच आहे आणि तिच्यावर वटवाघळं राहतात. दोन वर्षांपूर्वी बच्चेकंपनीसाठी मीच खाली पाटी लावली होती: "हळू बोला, वर वटवाघळं झोपलीयत."

आज दुपारी त्याच चिंचेखाली दिवाळीतली उरलेली फटाक्यांची माळ लागली. हो, लॉकडाऊनमध्ये! सगळी वटवाघळं भर उन्हात उडाली. धावत खाली गेले, तर एक पिल्लू आईच्या अंगावरून निसटून फरशीवर पडलेलं.

माळ लावणाऱ्या सेक्रेटरी काकांना म्हटलं, "काका, यांच्यामुळे आपल्याला कोरोना होत नाही हो!"

"दुसऱ्या मजल्यावर पेशंट निघालाय आणि तू मला शिकवतेस?" काकांनी मास्क खाली ओढला. "इतकी वर्षं वर बघत होतं कोण? तुझ्या पाटीमुळेच तर कळलं."

पाटी मीच उपटून टाकली.

पिल्लू आत्ता माझ्याकडे चपलांच्या खोक्यात आहे, जुन्या टीशर्टला घट्ट धरून. प्राणी वाचवणारी माझी मैत्रीण ठाण्यात अडकलीय, तिला पास मिळत नाहीये. फोनवर म्हणाली, "अंधार पडला की फांदीवर ठेव. आई शोधत येते."

पण चिंचेखाली काका खुर्ची टाकून बसलेत. मांडीवर दुसरी माळ आहे.

अंधार पडायला तासभर उरलाय. पिल्लाच्या आईने यावं म्हणू, की येऊ नये म्हणू? सांगा ना कुणीतरी.